तायडेकाकांचा सिग्नल

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते गुलाबराव तायडे यांचे. जयपूरला बनी पार्कात त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो. काका मूळचे मलकापूरचे, रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिन ड्रायव्हर. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, विमा ऑफिसात नुकताच लागलेला.

पहिल्याच सकाळी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं. चौकात सिग्नल आला तसे ते ओरडले, "लाल!" मी दचकून सीट घट्ट धरली. मान वळवून म्हणाले, "मुका हायेस का बे? म्हण ना, लाल!" इंजिनवर तशीच पद्धत असते. ड्रायव्हर सिग्नल मोठ्यानं म्हणतो, सहायक स्वतः पाहून तोच परत म्हणतो, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला कळते. "आधी मी, मग तू," काकांनी नियम सांगितला. शेजारचा रिक्षावाला आमच्याकडे बघून हसत होता. मी लाजत लाजत "लाल" म्हणालो.

ऑफिसात माझी अवस्था वाईट होती. हिंदी तोडकी, इंग्रजी पुस्तकातली. मीटिंगमध्ये तोंड उघडायची हिंमत होईना. नोकरी सोडून गावी परत जायचं ठरवलं आणि ते सांगायला संध्याकाळी खाली गेलो. काका अंगणात बिडी ओढत होते. म्हणाले, "भेतं काहून? जे दिसलं ते मोठ्यानं बोलाचं. चुकलं तर बाजूचा सांगते. मतलब, गप बसला त गाडी ठोकते." दुसऱ्या दिवशी मी मीटिंगमध्ये बोललो. चुकीचंच बोललो. साहेबांनी ते दुरुस्त केलं आणि काम पुढे गेलं. मी आज नोकरीत आहे तो त्या एका संध्याकाळमुळे.

गेल्या हिवाळ्यात एकदा चौकात काका काहीच बोलले नाहीत. स्कूटर हळू करून थांबले. मी न राहवून "लाल" म्हणालो, तेव्हा कुठे त्यांनी "लाल" म्हटलं. पुढच्या चौकातही तसंच झालं. आधी मी, मग ते.

घरी त्यांच्या पत्नी शांताकाकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पेपर त कधीचाच सोडला. चष्मा जुना झाला म्हणते. परवा ताटात भाजी होती, तरी विचारे, भाजी काहून नाई वाढली?"

आम्ही दोघांनी मिळून त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काका अक्षरांच्या तक्त्यासमोर ताठ बसले आणि सगळ्या ओळी खाडखाड म्हणून मोकळे झाले. तपासणारा मुलगा गोंधळला. "बाबूजी, बोर्ड तो मैंने बदल दिया था।" आधीच्या पेशंटनं वाचलेली अक्षरं काकांनी बाकावर बसून पाठ केली होती!

"अहो, रिटायर होऊन किती वर्षं झाली!" काकू कडाडल्या. "आता कोण तुमचं इंजिन काढून घेते?"

काकांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, "डोळ्यात नापास म्हणजे इंजिनवरून खाली. जलमभर तेच भ्या होतं."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातात सरळ रेघांच्या चौकटी आखलेला कागद दिला आणि एक एक डोळा झाकून बघायला सांगितलं. डावा उघडा ठेवला तेव्हा मधोमध नुसता डाग दिसला. उजव्यानं बघताना काका एकदम थांबले. "रूळ वाकले," ते म्हणाले.

वयामुळे डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता. डावा डोळा गेला तरी कळलं नव्हतं, कारण दोन्ही उघडे असताना उजवा त्याचं काम उरकत होता. आता उजव्यात पडद्याखाली पाणी झिरपू लागलं होतं. डाव्यातलं गेलेलं परत येणार नव्हतं. उजवा वाचवायचा तर डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची होती आणि तीही लगेच.

"डोळ्यात सुई? मी नाई येत," म्हणून काका उठलेच.

मी त्यांचा हात धरला. "काका, जे दिसतं ते मोठ्यानं बोलायचं, हे तुम्हीच शिकवलंत. मग जे दिसत नाही ते का लपवलंत? आणि पुढचा रूळ वाकलेला दिसला, तर ड्रायव्हर काय करतो?"

काकांनी हातातल्या रेघांच्या कागदाकडे पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "ब्रेक मारते." आणि परत खुर्चीवर बसले. डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मॅडम, लाल या हरा?"

त्या हसल्या. "पूरा ठीक नहीं होगा, बाबूजी। पर इलाज चलता रहा तो रोक सकते हैं।"

"मतलब पिवळा. हळू जाचं, पन जाचं," काका मला म्हणाले.

इंजेक्शनं सुरू झाली. बिडी सुटली. स्कूटरची किल्ली त्यांनी स्वतः माझ्या हातात ठेवली आणि मागे बसू लागले. वाचायला भिंग आलं, खांद्यामागून उजेड पाडणारा दिवा आला. समोरच्या माणसाकडे जरा तिरकं बघायची युक्तीही त्यांना सापडली. मला म्हणायचे, "तुह्या कानाकडं पाह्यलं का तुहं तोंड दिसते. सरळ पाह्यलं त तू गायब!"

या उन्हाळ्यात माझी सोलापूरला बदली झाली. निघताना काका म्हणाले, "फोन नको करू. चिठ्ठी लिही. मी स्वतः वाचीन." म्हणून जाड काळ्या पेनानं, एका पानावर दोनच ओळी अशी पानं भरत मी त्यांना हे पत्र पाठवलं:

"ती. काकांना सविनय जय भीम.

रोज सकाळी एक एक डोळा झाकून खिडकीचे गज बघा. वाकडे दिसले, तर त्याच दिवशी काकूंना मोठ्यानं सांगा. इंजेक्शनची तारीख चुकवू नका.

माझं इथे बरं चाललं आहे. मीटिंगमध्ये बोलतो. चुकतो, मग कोणीतरी सांगतं. इथे घेतलेल्या स्कूटरवर मागची सीट मोकळी असते, तरी चौकात सिग्नल मोठ्यानं म्हणतो. लोक बघतात.

काका, आता आधी मी, मग तुम्ही.

पिवळा."