प्रस्थान ठेवलेलं गाठोडं

पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत म्हैसूरला ते गृहस्थ गाठोडं घेऊन आमच्या दारी आले. नाव आम्ही विचारलं नाही. रेशमाचं काम शिकायला जपानला निघाले होते. मुहूर्त टळू नये म्हणून त्यांनी पूर्वेकडच्या आमच्या घरी प्रस्थान ठेवलं. गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं की प्रवास सुरू झाला, अशी रीत. पण ते गाडीत बसण्याआधीच, तिकडे आसरा घेतलेल्या हिंदी बंडखोरांना मिळतील या संशयावरून सरकारनं त्यांचा परवाना रद्द केला.

मग ते रोज संध्याकाळी येत, उपरण्यानं गाठोड्यावरची धूळ झटकत, गाठ चाचपून बघत.

आई एकदा म्हणाली, "आता घरी न्या की हे."

"इरली अम्मा, राहू द्या. प्रवास सुरू झालाय. सरकारनं फक्त मला अडवलंय."

पुढे ते येईनासे झाले. धूळ आता मी झटकतो. गाठ सोडायचा धीर होत नाही.