अर्ध्यात न मोडलेला अध्याय

सत्यभामेला वाचता येत नव्हतं, पण एक अध्याय तिला तोंडपाठ होता. तिचा बाप अकोल्यात देवळाला फुलं पुरवायचा. चातुर्मासात पुराणिकबुवा पोथी सांगत तेव्हा तो सभामंडपाच्या पायरीशी बसून हार ओवायचा आणि लेक शेजारी बसून शेवंतीची देठं खुडायची. तो अध्याय वणव्यात सापडलेल्या भक्ताचा होता. चारी बाजूंनी रान पेटतं, पळायला वाट राहत नाही, आणि देव त्याला आपल्या शेल्याखाली घेतो. दरवर्षी तो अध्याय आला की बापाची सुई थांबायची. लेकीच्या लग्नात त्यानं तेवढाच अध्याय कागदावर लिहून घेतला, लाल फडक्यात बांधला आणि तिच्या ओटीत घातला.

"म्हणायले बसली का मंग उठायचं नाई," त्यानं बजावलं होतं. "मंधात कोनाशी बोलायचं नाई. समोरचा दिवा हालवायचा नाई. अर्ध्यात मोडला तर थो घरावर उलटते."

सासर अमरावतीच्या वाटेवर, कुरूमच्या अलीकडच्या एका गावात होतं. माळ्यांचंच घर. ओढ्याकाठच्या विहिरीवर वांगी-मिरचीचा मळा आणि ओढ्यापलीकडे काळ्या जमिनीचा तुकडा. ती नांदायला आली त्याच वर्षी सासू वारली आणि चार वर्षांचा दीर तिच्या पदरात आला. सहदेव त्याचं नाव. तिला स्वतःला मूल झालं नाही. सहदेवाला गोवर आला, विंचू चावला, झाडावरून पडून हात मोडला, त्या प्रत्येक वेळी ती लाल फडकं सोडून बसली आणि प्रत्येक वेळी पोर उठून उभं राहिलं. नवरा देवीदास थट्टेनं म्हणायचा, "वैद्याचं पोट मारून राहिली तू." तिला मात्र खात्री होती की या घराभोवती कुणीतरी उभं आहे.

सहदेव वीस-बावीस वर्षांचा झाला तेव्हा कापसाला सोन्याचे दिवस आले. दूर कुठल्याशा गोऱ्यांच्या मुलखात लढाई जुंपली होती म्हणे, आणि त्यामुळे आपल्या इकडचा कापूस साहेब लोक मागाल त्या भावानं उचलत होते. अमरावतीच्या बाजारात गाड्यांना उभं राहायला जागा नसे. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं केली, गावागावांत ज्वारीच्या जागी कापूस लावला. देवीदासानं मळासुद्धा अर्धा मोडला. सत्यभामा काही बोलली नाही, कारण घरामागच्या पांढऱ्या मातीत पेव होतं. जमिनीत खोल विहिरीसारखा खड्डा, आतून कडब्याचं अस्तर, वर माणूस कसाबसा उतरेल एवढंच तोंड, त्यावर शिळा आणि चिखलाचं लिंपण. दोन सालांची ज्वारी त्यात होती.

पेवाची एक रीत असते आणि ती वऱ्हाडात पोरासोरांनाही ठाऊक असते. बंद पेवात धान्याची वाफ कोंडते आणि ती माणसाला मारते. म्हणून शिळा काढली की दिवस-रात्र तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं दिवा आत सोडायचा. दिवा जळत राहिला तरच माणसानं उतरायचं.

त्या ज्येष्ठात घरात खायची ज्वारी संपत आली म्हणून देवीदासानं मंगळवारी दुपारी शिळा काढली आणि तो बैल बघायला अंजनगावला निघून गेला. वाटेत त्याला अमरावतीहून रिकाम्या गाड्या घेऊन येणारा सहदेव भेटला. "पेव उघडलं हाये," एवढं त्यानं त्याला सांगितलं.

मंगळवारी संध्याकाळी आभाळ भरून आलं. पेवात पाणी शिरलं तर सगळी ज्वारी सडणार. सत्यभामेनं शेजारच्या शकुनला हाक मारली आणि दोघींनी मिळून शिळा ढकलून तोंड बंद केलं, कडेनं चिखल लावला. रात्रभर नुसता वारा सुटला, पाऊस आला नाही. बुधवारी उजाडताच दोघींनी शिळा पुन्हा बाजूला सारली. शकुन कामाला गेली. आता उद्यापर्यंत उघडं ठेवू, असं सत्यभामेनं मनाशी ठरवलं.

तास-दीड तासात सहदेव दारात आला. त्याच्याबरोबर धान्याच्या व्यापाऱ्याचा माणूस होता, नत्थुजी. मागे चार गाड्या.

"वयनी, पेव खाली करून राहिलो," सहदेव म्हणाला. "सारी ज्वारी अमरावतीले चालली."

"सारी?"

"सारी. असा भाव पुन्यांदा येनार नाई."

"आन् खाशील काय? सरकी?"

"इकत घेऊ. कापूस हाये नं."

"सारा गाव इकत घेईन म्हन्ते. इकनार कोन हाये मंग? तुहे भाऊ येऊ दे. त्यायले इचारल्याबिगर एक दाना हालनार नाई."

नत्थुजी गाडीच्या दांडीवर बसून पानाला चुना लावत होता. तो हसून म्हणाला, "सहदेवराव, घरात पंचायत बसते हे पयलेच सांगायचं होतं. म्या बैलं सोडले असते."

सहदेवाचं तोंड लाल झालं. परक्या माणसासमोर तो लहान पोर ठरला होता. तो सत्यभामेकडे वळला आणि म्हणाला, "तुमी काहून मंधात येता? तुमाले कोनासाठी ठेवा लागते? तुमचं खानारं हाये कोन घरात?"

नत्थुजीनं मान खाली घातली.

ज्याला सत्यभामेनं स्वतःच्या ताटातला घास भरवला, त्यानं तिला वांझ म्हटलं होतं, शब्द तेवढा उच्चारला नव्हता. ती आत गेली, हातपाय धुतले, देवापुढचा दिवा सारखा केला आणि लाल फडकं सोडून बसली. पहिल्या पाच-सहा ओव्यांत आवाज कापत होता. मग रान पेटलं, धूर दाटला, हरणं धावू लागली, आणि त्या ओळखीच्या शब्दांच्या आत ती हळूहळू शिरली. तिथं तिला कुणी काही बोलू शकत नव्हतं.

दाराशी पावलं वाजली. सहदेव उंबऱ्याबाहेर उभा होता.

"वयनी, दिवा पायजे होता. पेवात सोडाले."

त्या वेळी घरात पेटता दिवा तेवढा एकच होता आणि चूल विझली होती. तो देवापुढच्या दिव्याकडे पाहत राहिला. अध्याय चालू असताना त्या दिव्याला हात लावायचा नसतो, हे तिनंच त्याला लहानपणी शिकवलं होतं.

"राहू द्या," तो हळू आवाजात म्हणाला. "भाऊनं काल दुपारीच उघडलं म्हन्ते. रातभर उघडंच होतं नं? मंग वाफ गेली असन."

तिला ते ऐकू आलं. नुसतं ऐकू आलं नाही, समजलंही. पेव रात्रभर बंद होतं, हे सांगायला दोन शब्द पुरले असते. हातानं नको म्हटलं असतं तरी तो थांबला असता. पण ओव्या सुरू होत्या आणि नेम होता. आणि खरं सांगायचं तर नेमाच्या खाली आणखी एक गोष्ट होती. तिला त्याच्याशी बोलायचं नव्हतं. थोडा वेळ तरी त्याला दाराशी उभं राहू दे, असं तिला वाटलं. अकरा ओव्या उरल्या आहेत, त्या संपल्या की उठून सांगू, गाड्या लावायला, पोती काढायला त्यांना तेवढा वेळ लागेलच, असा तिनं हिशेब केला. डोळे मिटून ती म्हणत राहिली.

"वयनी, रागानं बोललो म्या," तो म्हणाला. थोडा थांबला. मग पावलं दूर गेली.

आठ ओव्या झाल्या तोवर मागच्या अंगणातून आरडाओरडा ऐकू आला.

ज्वारी फार खोल नव्हती म्हणून त्यानं कमरेला दोरी बांधली नव्हती. आत उतरला, टोपली भरायला वाकला आणि तसाच धान्यावर कलंडला. नत्थुजी त्याच्या मागे उतरायला गेला, तर त्यालाच भोवळ आली आणि गाडीवानांनी त्याला बखोटीला धरून वर ओढलं. शेवटी विहिरीतली बादली काढायचा गळ आणून सहदेवाला बाहेर काढला. कपाळावर ज्वारीचे दाणे चिकटले होते. बाकी अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

उरलेल्या तीन ओव्या तशाच राहिल्या.

देवीदास तिसऱ्या दिवशी आला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. दिवा न सोडता उतरला, पोराची घाई नडली, असं गाव म्हणालं आणि त्यानं ते मान्य केलं. शकुननं मात्र तेराव्याच्या दिवशी सत्यभामेला परसात गाठलं.

"शिळेचं कोनाले बोलली काय तू?"

"नाई."

"बोलू नको. आपुन चांगल्यासाठीच लावली होती. बोलून थो येनार हाये काय?"

"शकुने, त्यानं मले इचारलं होतं."

शकुननं वळून परसाच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे तर अजिबात बोलू नको." आणि त्यानंतर तिचं येणंजाणं कमी झालं.

सहदेवाची बायको जमुना त्या वेळी नांदगावला माहेरी होती. सोळा वर्षांची पोर कपाळ पुसून सासरी आली. दिवसभर खांबाला टेकून बसायची, दोनदा सांगावं तेव्हा एकदा जेवायची. पेवातली ज्वारी कुणी खाईना. देवीदासानं ती तशीच गाडीत भरून देऊन टाकली, आणि पुढच्या उन्हाळ्यात, कापसाचा भाव कोसळला तेव्हा, तिघंही मळ्यातली वांगी उकडून खात होती.

त्याच उन्हाळ्यात एका सकाळी जमुना सत्यभामेच्या पुढ्यात येऊन बसली.

"बाई, मले थो अध्याय शिकवा."

"कोनता?"

"वणव्याचा. तुमी त्यायच्यासाठी लहानपनापासून म्हनत होत्या. त्यायनंच मले सांगतलं होतं."

गेलं वर्षभर सत्यभामा एक वाक्य तयार करत होती. देवीदासाला सांगायचं, की गावाला, की देवळातल्या बुवांना, हे तिला कळत नव्हतं. आता तिला वाटलं, सांगायचं असेल तर हिलाच.

"जमे, त्या दिवशी," ती म्हणाली, "थो दाराशी आला होता..."

"मले मालूम हाये," जमुना म्हणाली. "नत्थुजीनं सांगतलं माह्या बापाले. तुमी अध्यायाले बसल्या होत्या. बाई, थे गेले तवा घरात देवाचं नाव चालू होतं. मी तेवढ्यावरच जगून राहिली. नाईतर मले काय हाये?"

हे ती न रडता, अगदी साधेपणानं म्हणाली. वर्षभरात एवढं लांब ती पहिल्यांदाच बोलली होती.

सत्यभामा उठली, फळीवरून लाल फडकं काढलं, त्यावरची धूळ झटकली आणि जमुनेला समोर बसवलं. एकेक ओवी सांगितली. ओव्यांचे शब्द तिच्या जिभेवर आले, पण त्यांत रान नव्हतं, धूर नव्हता, शेला नव्हता. शेवटच्या तीन तिनं इतक्या घाईनं सांगितल्या की जमुनेला त्या चारदा विचाराव्या लागल्या.

जमुना हुशार होती. पंधरा दिवसांत तिला सगळा अध्याय आला. मग ती रोज सकाळी बसू लागली. ती जेवू लागली, केस विंचरू लागली, शेजारणींशी दोन शब्द बोलू लागली. तिचा आवाज गोड होता. बाया ऐकायला येऊन अंगणात बसायच्या आणि म्हणायच्या, सत्यभामेनं पोरीला जगवलं.

अध्याय सुरू व्हायच्या आधी सत्यभामा टोपली डोक्यावर घेऊन मळ्याकडे निघायची. जमुना आसनावरूनच हाक मारायची, "बाई, घडीभर बसा न वं. रोज काय जाता?"

"तू म्हन. मले तिकडून आयकू येते."

पुढची तेवीस वर्षं, म्हणजे तिचे पाय थकेपर्यंत, ती रोज तेच सांगत राहिली. मळा ओढ्याच्या काठी होता. तिथवर घरातला आवाज पोचत नसे.