गोदामातलं गवत मोजताना

आमच्या फॉर्मच्या शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना आहे. बोटभर रुंदीचा. त्यात 'ढगाळ', 'गुरं आली होती', 'वाट बंद' एवढंच मावतं. उरलेलं आम्ही घरी घेऊन येतो आणि जेवताना सांगतो. त्यामुळे पुण्याच्या संगणकात जेवढी माहिती साठली, तेवढेच किस्से आमच्याकडे साठले. माहितीचा उपयोग होईल तेव्हा होईल. किस्से मात्र लगेच खपतात!

काम सांगायला सोपं आहे. राज्यभर पसरलेले ठरावीक पॉइंट. वर्षातून दोनदा प्रत्येक पॉइंटवर जायचं, एक मीटरची चौकट जमिनीवर ठेवायची आणि आत कुठलं गवत, किती झाडोरा ते मोजून लिहायचं. शिवाय झाडांचे घेर, पाऊस, पक्ष्यांचे आवाज. हे तीस वर्षं चालवायचं, म्हणजे निसर्गात काय बदलतंय ते कळतं. मी त्याआधी सायझिंगच्या कारखान्यात, म्हणजे लूमच्या सुताला खळ लावतात तिथे, हिशेब लिहायचो आणि फावल्या वेळात पाऊस-पक्षी लिहायचो. पुण्याच्या मॅडमनी, म्हणजे हे सगळं जाळं ज्यांनी उभं केलं त्यांनी, माझ्या वह्या वाचल्या आणि भिवंडी माझ्या गळ्यात घातली.

दत्तू भोईर आमचा ड्रायव्हर. पहिल्याच दिवशी त्याने गाडीत विचारलं, "भाऊ, गवत मोजून कापाचा, का ठेवाचा?"

"ठेवायचं."

"मंग मोजाचा कशाला?"

याचं उत्तर मी अजून तयार करतोय.

मॅडमचा नियम एकच. "पॉइंट हलवायचा नाही. बाकी जे हलेल ते हलू दे." आता हा नियम भिवंडीत पाळायचा! इथे बाकी सगळंच हलतं. आमचा एक पॉइंट रस्त्यात गेला, एक डेब्रिजखाली गेला. वरून कळवण्यात आलं की आणखी एक गेला तर भिवंडीचं केंद्रच बंद. मॅडमची निवृत्ती जवळ आलेली. त्या म्हणाल्या, "बाकी कुठलंही बंद पडलं तरी चालेल. पण जिथे सगळ्यात जास्त बदलतंय तीच जागा मोजायची बंद केली, तर मी इतकी वर्षं केलं काय?"

तर तिसरा पॉइंट जाऊ द्यायचा नाही, एवढंच आमचं ध्येय.

*

सुरुवातीला चौकटीच्या चार कोपऱ्यांवर लोखंडी खुंट ठोकायचे होते. मानकोलीजवळ ठोकले. पुढच्या वेळी गेलो तर चारही गायब.

दत्तू म्हणाला, "लोखंड हाय भाऊ. भिवंडीत उभा ऱ्हातंय व्हय?"

भंगारवाल्याकडे गेलो. खुंट बाजूला काढून ठेवलेले. वर आमचाच लाल रंग. तो म्हणाला, "ले जाओ भाई, आपका ही माल है. मैं बोला, ये लोग फिर गाड़ेंगे, फिर आएगा. घर का धंदा है!"

मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, लाकडी खुंट लावा. लावले. पुढच्या वेळी चारपैकी तीन गायब. चौथा जागच्या जागी, ताठ.

शेजारच्या मोकळ्या जागेत क्रिकेट चाललं होतं.

दत्तू म्हणाला, "पोरं इमानदार हायेत. लागला तेवढाच न्हेला."

*

खारबावला पाऊस मोजून आकडा आपोआप पुण्याला धाडणारं भांडं दत्तूच्या काकीच्या अंगणात बसवलं आहे. गुलाबकाकी. भांड्याला त्या देवघरातल्या वस्तूसारखं जपतात. कोंबडी जवळ आली तरी कोंबडीच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

एकदा ऐन एप्रिलमध्ये मॅडमचा फोन. "खारबावला पाऊस झाला?"

"छे! आकाशात ढग नाही."

"मग तुमच्या भांड्यात पाणी कसं?"

मी थेट काकींकडे. त्या वाल सोलत बसलेल्या. मी विचारलं, "काकी, भांड्यात पाणी कुणी घातलं?"

"मी वतला."

"अहो, का?"

"तू येतंस, रिकामा भांडा बघतंस, त्वांड पाडून जातंस. दर टायमाला तसाच. माझ्याच्यान बघवना. म्हटला, एक दिस तरी पोरगा खुश होवून जाईल!"

वाल घेऊन परत आलो. शेऱ्यात लिहिलं, 'मानवी हस्तक्षेप'.

*

खारबावच्याच एका वाडीत झाडांना नंबर लावले. ॲल्युमिनियमची छोटी पट्टी, त्यावर आकडा. घेर दरवर्षी त्याच झाडाचा मोजला पाहिजे म्हणून.

दुसऱ्याच दिवशी गावभर झालं की इथून मोठा रस्ता जाणार आणि नंबरवाल्या झाडांची भरपाई मिळणार. वाडीचे मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "आंब्याचा काय भाव लागला?" मी म्हटलं, भाव नाही, फक्त घेर मोजतोय. ते हसले. "बरोबर हाय. तुमाला सांगाची परवानगी नसंल."

शेजारच्या वाडीचे म्हात्रे मात्र फणफणत आले. "आमच्या झाडांनी काय घोडं मारलंय? त्यांच्या कलमांना नंबर, आनि आमचा येवढा जांभूळ तसाच?"

समजावलं. पटलं नाही.

पुढच्या वेळी मी आजारी होतो, म्हणून पुण्याहून दोघं येऊन मोजून गेले. मॅडमचा फोन आला, "वा! झाडं वाढवलीत. आधी सांगितलं नाहीत?"

जाऊन बघितलं. आमचा शेवटचा नंबर जिथे संपतो, तिथून पुढे म्हात्र्यांची झाडं सुरू. कोल्ड्रिंकचे डबे कापून पट्ट्या केलेल्या, आमच्यासारखाच खिळा, आमच्याच उंचीवर. जांभूळ, दोन नारळ, शेवगा. आणि शेवटचा नंबर गोठ्याच्या खांबाला!

पुण्याच्या दोघांनी त्याचाही घेर मोजला होता. शेऱ्यात लिहिलं होतं, 'प्रजाती ओळखता आली नाही. पानगळ झालेली.'

*

आवाज टिपायचं यंत्र गावाच्या कडेला, एका उंबरावर बांधलं होतं. ते दिवस-रात्र ऐकतं आणि पुण्याचा संगणक कुठला पक्षी ते सांगतो. एके दिवशी मॅडमच्या ऑफिसमधल्या तज्ज्ञांचा फोन.

"तुमच्याकडे रातवा आहे!"

मी म्हटलं, असेल. रात्रीचा पक्षी आहे, टक-टक-टक ओरडत असेल.

"अहो, दिवसा पण ओरडतोय! सलग, न थांबता. असं आजवर कुणी नोंदवलेलं नाही. आणि एक विलक्षण गोष्ट. शुक्रवारी तो पूर्ण गप्प असतो."

फोन स्पीकरवर होता. मी दत्तूकडे पाहिलं, दत्तूने माझ्याकडे.

"शुक्रवारी सुट्टी असते," मी म्हटलं.

"पक्ष्याला?"

"पॉवरलूमला."

पलीकडून हळूच प्रश्न आला, "म्हणजे त्यात एकसुद्धा रातवा नाही?"

दत्तू मागून ओरडला, "हाय ना! ड्युटी बदलली का लूम बंद ऱ्हातान थोडा टाइम, तवा आयका!"

नंतर तेवढाच तुकडा ऐकला. एक रातवा खरोखर निघाला. बिचारा रोज शिफ्ट बदलायची वाट बघत असणार.

*

आता वळ गावचा पॉइंट. हाच तो, ज्याच्यावर भिवंडीचं केंद्र टांगलेलं होतं.

पॉइंट ठरला तेव्हा तिथे भाताचं खाचर होतं. एका पावसाळ्यानंतर गेलो तर गोदाम! पत्रे, शटर, ट्रकची रांग. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "पॉइंट आत आहे ना? मग आत जा."

गेटवर वॉचमन पांडेजी, उत्तर प्रदेशातल्या बलियाचे. वहीत येण्याचं कारण लिहावं लागतं.

"काम?"

"घास गिनना है."

"अंदर तो फ्रिज है."

"फ्रिज के बीच में गिनना है."

पांडेजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, सेफ्टी शूज दिले, हेल्मेट दिलं, आणि आत सोडलं. फ्रिजच्या खोक्यांमधल्या फरशीवर आम्ही चौकट ठेवली, गुडघे टेकले, वाकून नीट बघितलं आणि लिहिलं, 'शून्य'. फरशीत खुंट ठोकता येईना म्हणून चार कोपऱ्यांवर पिवळे ठिपके रंगवले. तेव्हापासून दर वर्षी दोनदा तेच. जायचं, गुडघे टेकायचे, बघायचं, शून्य लिहायचं, यायचं. हमाल लांब उभे राहून बघायचे. आम्हाला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर आम्ही तरी काय सांगणार होतो!

मग आढावा घ्यायला दिल्लीहून एक सर आले. वळचा कागद बघून त्यांनी लाल पेनाने त्यावर काट मारली. "इमारतीच्या आत पॉइंट? हा कसला निसर्ग?" मॅडम म्हणाल्या, "सर, आधी बघून तर घ्या." त्यांनी मान्य केलं. जागा मोकळी असली, मोजता आली, तर ठेवू. नाहीतर काट कायम.

नेमकं त्याच आठवड्यात गोदामाच्या मॅनेजरने मला फोनवर सांगितलं होतं की नवीन रॅक येताहेत, तुमच्या जागेवरही येणार, आता येऊ नका. हे मी मॅडमना गाडीत सांगितलं. दत्तूने पहिल्यांदाच गाडी हळू चालवली.

गेटवर पांडेजींनी सगळ्यांना सेफ्टी शूज घालायला लावले. "बिना शूज अंदर एंट्री नहीं." सरांच्या मापाचा जोड मिळेना, तो शोधण्यात वेळ गेला. आत गेलो. रॅकच रॅक! छतापर्यंत. मी मनात म्हटलं, संपलं.

रॅकच्या दोन रांगांमधून वळलो आणि थांबलो. आमची जागा मोकळी होती. चार ठिपके जोडून पिवळी चौकट आखलेली. फरशी धुतलेली. एका कडेला झेंडूचं फूल, उदबत्तीचं घर. रॅकची अख्खी रांग तेवढ्यापुरती तुटलेली.

मॅनेजर ओशाळून म्हणाला, "इथे रॅक लावायला एक हमाल तयार होईना, साहेब. म्हणतात, मोठमोठे लोक लांबून येतात, गुडघे टेकतात, काही बोलत नाहीत. काहीतरी असल्याशिवाय येतील का?"

मॅडम आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

सर चौकट घेऊन पुढे झाले. आमच्यामागून आत आलेल्या पांडेजींनी हात आडवा केला.

"साहब, जूते उतारिए."

मोज्यांवर सर आत गेले. गुडघे टेकले. वाकून खूप वेळ बघितलं. मग कागदावर 'शून्य' लिहिलं आणि मांडीवरच लाल काट खोडून बाजूला सही केली.

गाडी नाक्यावर आली तेव्हा सर पुढे झुकले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, वैसे... वहाँ नीचे है क्या?"

मॅडम म्हणाल्या, "लंबा काम है, सर. अभी से कैसे बताएँ?"