पैंजणांचा पासवर्ड

“मॅडम, आधी दार लावून घ्या.”

मी दार लावलं. राजारामपुरीतल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासचं ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि प्लायवुडची भिंत. भिंतीपलीकडे जावास्क्रिप्टची बॅच बसलेली. दार लावून तिथं काय डोंबलाचं गुपित राहणार! पण भूपालशेठ भिंतीला पाठ लावून बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “तुमची विद्यार्थिनी चोर हाय.”

भूपालशेठ हुपरीचे चांदीचे व्यापारी. आमच्याकडच्या माणसाला हळू बोलायचा फार त्रास होतो, तेवढ्यानंच त्यांचा चेहरा लाल झाला होता. विद्यार्थिनी म्हणजे नसीम. माझ्याकडे टायपिंग आणि ऑफिसचा कोर्स करून ती त्यांच्या दुकानात ऑपरेटर म्हणून लागली होती. वडील नाहीत, धाकटी भावंडं शाळेत. घर तिच्याच नोकरीवर चालायचं.

भानगड अशी होती. हुपरीत नवा नमुना म्हणजे जीव की प्राण. पैंजणाची नवी घडण निघाली की ती गुलाबी कागदात गुंडाळून ठेवतात. ओळखीचा व्यापारी गादीवर येऊन बसला की उघडतात, दाखवतात आणि लगेच परत गुंडाळतात. शेजारच्याला सुगावा लागायच्या आत ऑर्डर पक्की. शेठनी हाच रिवाज वेबसाइटवर नेला होता. जुने नमुने सगळ्यांना, नवे फक्त ठरलेल्या व्यापाऱ्यांना, तेही पासवर्ड टाकल्यावर. दोन हजार दोन-तीन साल असेल. तेव्हा हुपरीत वेबसाइट म्हणजे केवढं कौतुक!

पण नवा नमुना साइटवर चढला की आठवड्यात तसाच्या तसा शेजारच्या कारखान्यात घडायला लागायचा.

“मग मी पासवर्ड बदलला,” शेठ म्हणाले. “व्यापाऱ्यांना सांगितलाच न्हाई. मला, जावईबापूंना आन् त्या नसीमलाच ठावं. तरी नमुना भायेर! आता बोला.”

“जावईबापूंचा काय संबंध?”

“साइट त्यांनीच केलीया की. पुण्यात असत्यात. हौसेनं केली, फुकटात.”

“मग त्यांनी कुणाला...”

“मॅडम!” आवाज एकदम वर गेला. पलीकडची बॅच गप्प झाली. “जावयावर संशय घ्यायचा व्हय आमी?”

झालं. तिघांतून जावई वजा, शेठ स्वतः वजा, उरली नसीम. शेठनी कारखान्यातल्या सगळ्या कारागिरांसमोर तिच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या होत्या. हुपरीत अशी गोष्ट संध्याकाळच्या आत एसटी स्टँडवर पोचते. ‘चोर’ म्हणून नाव झालं की तिला दुसऱ्या कुठल्याही दुकानात कुणी उभं करणार नव्हतं. शेठना माझ्याकडून एकच हवं होतं. तिच्या तोंडून कबुली. नाहीतर ते पोलिसात जाणार होते.

दुसऱ्या दिवशी मी दोघांनाही बोलावलं. नसीम आधी आली. मी विचारलं, “खरं सांग, कुणाला बोललीस का?”

“मॅडम, तुमीबी?” ती उभीच राहिली. “शब्द फोडायचा असता तर शेठच्या नाकासमोर रोज बसले असते व्हय? गेलेच असते की कवाच.”

मला वाईट वाटलं. पण संशय ही चीजच अशी, एकदा शिरली की कुणालाच सोडत नाही. मला तिचाही येत होता, न बघितलेल्या जावईबापूंचाही येत होता, आणि खरं सांगायचं तर शेठचाही.

बोलून काही निघेना, म्हणून मी साइट उघडली. तेव्हाचं इंटरनेट टेलिफोनच्या वायरीवरून यायचं. एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. पासवर्डच्या चौकटीत मी मुद्दाम काहीतरी भलतंच टाकलं आणि बटण दाबलं. ‘चुकीचा पासवर्ड’ असं ताबडतोब समोर आलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत!

इथं मला खटकलं. एवढं झटकन उत्तर आलं कुठून? वेबसाइट लांबच्या एका कॉम्प्युटरवर ठेवलेली असते, त्याला सर्व्हर म्हणतात. त्याला विचारून उत्तर यायचं तर वेळ लागायला हवा. म्हणजे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. पासवर्डची तपासणी माझ्या समोरच्या डबड्यातच होत होती.

नवशिक्यांसाठी सांगते. जावास्क्रिप्ट ही वेबपानाला हुशारी देणारी भाषा. चौकटीत टाकलेला शब्द एका नावाखाली ठेवायचा, त्याला व्हेरिएबल म्हणतात. मग ‘इफ’ लावायचं. शब्द जुळला तर आतलं पान उघड, नाही जुळला तर हाकलून दे. कुठल्याही क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण ही जावास्क्रिप्ट चालते पान उघडणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर. त्यामुळे ती सगळीच्या सगळी त्याच्याकडे जाते, जुळवायच्या शब्दासकट. दुकानाला कुलूप लावायचं आणि किल्ली गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकायची, तसला प्रकार. ब्राउझरमध्ये ‘व्ह्यू सोर्स’ म्हणून सोय असते, ती दाबली की पानामागचा सगळा मजकूर समोर. मी दाबली. ‘इफ’च्या ओळीत पासवर्ड आरामात बसला होता.

तेवढ्यात शेठ आले. मी त्यांना तो शब्द वाचून दाखवला. माणसानं खूश व्हावं की नाही? ते आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिले.

“व्हय, हिनंच सांगितला तुमाला. दोघी मिळालेल्या हायसा!”

माझं डोकंच फिरलं. “शेठ, बाहेर जा. जावईबापूंना फोन करा आणि पासवर्ड बदला. तुम्हा दोघांखेरीज कुणाला सांगू नका. मग स्वतः येऊन बघा.”

“तुमचा फोन नगो,” म्हणाले, आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. तासाभरानं परत येऊन खुर्चीवर बसले, आम्हाला दोघींना लांब उभं केलं. मी तिथूनच सांगत गेले, इथं दाबा, आता तिथं दाबा. शेठ पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ खाली सरकत होते. एका ओळीवर बोट थांबलं. मग त्यांनी घाईघाईनं अख्खा पंजाच त्या ओळीवर ठेवला.

“आमच्या म्हशीचं नाव! आत्ता फोनवर ठरलेलं, हे ह्यात कसं आलं?”

प्लायवुडपलीकडून खसखस ऐकू आली. मी समजावून सांगितलं. जावईबापूंनी नमुने फोडले नव्हते, पण राखलेही नव्हते. कुणीही यावं, दोनदा माऊस दाबावा आणि पैंजण बघावेत. शेजारच्याकडे नेमकं कुणी दाबलं ते आम्हाला कधी कळलं नाही.

शेठनी पडद्यावरचा पंजा काढला. मग पहिला प्रश्न काय? “आता जावयाला कसं सांगायचं?”

“आधी ह्या पोरीला काय सांगायचं ते बघा!” मी अक्षरशः ओरडले.

“व्हायरस आलता म्हणून सांगतो सगळ्यास्नी.”

“नगो शेठ,” नसीम म्हणाली. “व्हायरस म्हटलं की लोक म्हणणार, हिनंच आणला. किल्ल्या ज्यांच्यासमोर घेतल्यासा, त्यांच्यासमोर बोला. कुणाची चूक ते नगा सांगू. माझी न्हाई, एवढंच सांगा.”

शेठनी मान डोलावली, पण माझा आता कुणावरच भरवसा उरला नव्हता. म्हणून मी स्वतः हुपरीची एसटी धरली. कारखान्यात सगळे हातातलं काम सोडून बघत होते. शेठ त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे शेजारच्याला ऐकू जाईल असे बोलले, “नसीमची काय बी चूक न्हाई. चूक माझ्या घरातली हाय.” एवढं बोलतील असं मला वाटलं नव्हतं. नसीमनं ऐकून घेतलं, नमस्कार केला आणि नोकरी सोडली. शेठ नको नको म्हणत राहिले. ती थांबली नाही.

ती माझ्याकडे पीएचपी शिकायला बसली. पीएचपी ही भाषा सर्व्हरवर चालते. तपासणी तिकडेच होते, पान उघडणाऱ्याकडे फक्त हो किंवा नाही एवढंच येतं. साइट पुन्हा करायचं काम शेठनी मलाच दिलं, मी ते पैशासकट नसीमकडे सोपवलं. शेठना सांगितलं नाही.

साइट सुरू झाल्यावर त्यांचा फोन आला. “मॅडम, त्यो सर्व्हर कुठं असतोय?”

“अमेरिकेत.”

“तिथं कोण बसतंय? माणूस इश्वासाचा हाय न्हवं?”

“तिथं कुणी बसत नाही. लिहिणाऱ्यानं नीट लिहिलं की झालं.”

“मग लिवलंय कुणी?”

“नसीमनं.”



“मग ऱ्हाऊ द्या तसंच,” शेठ म्हणाले.

नव्या बॅचला मी पहिल्याच तासाला सांगते, लिहिलेला कोड कुठं चालतो ते आधी बघा. माणसावर संशय घ्यायचाच असेल, तर तो त्यानंतर घ्या.