मास्टर रिंगला लागलेली हळद

साहेब लोकांना पूजेची भारी हौस. मशीनची नव्हे हां, पूजेची. वर्षभर ज्यांना तळवड्याचा रस्ता सापडत नाही, फोन केला की जे कायम मीटिंगमध्ये असतात, ते खंडेनवमीला सकाळपासून झुळझुळीत कुर्ते घालून शेडमागून शेड पालथी घालतात. नारळ फोडायचा, फोटो काढून घ्यायचा, मिठाईचा बॉक्स काखेत मारायचा आणि पुढच्या दाराशी गाडी लावायची. आणि आम्ही छोटे शेडवाले? ताट सजवून दारात उभे. साहेब आल्याशिवाय आरती करायची नाही, अशी इथली पद्धत पडून गेली आहे. देव थांबला तरी चालेल, साहेब थांबता कामा नयेत.

तळवड्यात माझी एक शेड आहे. आम्ही बुश करतो. बुश म्हणजे पोलादाचा पोकळ, गोल तुकडा, त्याच्या भोकात एक पिन बसते. ते भोक आतून घासून मापात आणायचं, एवढंच आमचं काम. शेड टाकण्याआधी मी एका कंपनीच्या तपासणी खात्यात निम्मं आयुष्य काढलं. तेव्हा मापाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. पण शिकवतात. शेडमध्ये आलेला प्रत्येक जण आधी माझ्या डोक्यावरून मागे बघतो आणि विचारतो, "सर कुठे आहेत?" सर, म्हणजे माझा नवरा, आकुर्डीच्या शाळेत सहावीला इतिहास शिकवतात. मशीनचं बटण कुठं असतं हेही त्यांना ठाऊक नाही, आणि ते तसं मोकळेपणानं सांगतात. तरी पाहुणे त्यांचाच नंबर मागतात.

आमचे बुश चाकणच्या एका मोठ्या कंपनीच्या गाड्यांत बसतात. पण ते आमचे आहेत हे कंपनीच्या गावीही नाही. मधे एक सप्लायर आहे. तो आमच्या खोक्यांवरचं लेबल खरवडून स्वतःचं चिकटवतो आणि तेच खोकं, तोच माल, कंपनीच्या गेटातून आत पाठवतो. बाकी तो काही करत नाही. खरवडतो आणि चिकटवतो. इतकी वर्षं घाम गाळून आपल्या मालाला बेवारस पोरासारखं दुसऱ्याच्या नावावर नांदवायचं, याची मला शिसारी आली होती. म्हणून मी ठरवलं, आता कंपनीला थेट माल द्यायचा. कंपनीची मंजुरी मिळवायची, खोक्यावर आपलं नाव घालायचं. मला दुसरं काही नको होतं.

त्या काळात मी एका उद्योजक मेळाव्यालाही जाऊन आले. वातानुकूलित हॉल, गळ्यात ओळखपत्रांच्या पट्ट्या, स्टेजवर एक गृहस्थ कानाला माइक लावून येरझाऱ्या घालतोय. "स्वप्नं मोठी बघा! अपयशाला मिठी मारा!" आयुष्यात कधी शेडचं शटर वर केलं नसेल बाबानं. मी उठून विचारलं, "गुरुवारी तर आमच्याकडं लाइट नसतेच, पण इतर दिवशी गेली आणि मशीनवर माल अर्धवट राहिला, तर त्यात कुणाला मिठी मारायची?" सगळे हसले. तोही हसला आणि म्हणाला, "पॉझिटिव्ह राहा, मॅडम." जेवण मात्र चांगलं होतं. बासुंदी खाल्ली आणि घरी आले.

असो. कंपनीतले व्हेंडर बघणारे जे साहेब होते, त्यांच्या मागे लागून लागून मी शेडचं ऑडिट करून घेतलं. साहेब राहायला रावेतला, उंच टॉवरमध्ये. खालच्या सगळ्या जगाकडं ते तिथूनच बघत असावेत, कारण शेडमध्ये उभे असले तरी त्यांची नजर वरूनच यायची. ऑडिटला त्यांनी फरशीवरचे पिवळे पट्टे पाहिले, कचऱ्याच्या डब्यांचे रंग पाहिले, भिंतीवरचे तक्ते सरळ आहेत का ते मान वाकडी करून पाहिलं. मशीनकडं पाहिलं नाही. म्हणाले, "चांगलं आहे. आता दसरा झाला की नमुन्याचा लॉट पाठवा. तो पास झाला की तुमची मंजुरी आलीच समजा."

आणि खंडेनवमीला ते पूजेला आले.

आमच्याकडं एक ऑपरेटर आहे. बीडकडचा, माझ्याच वयाचा, शेड उघडली तेव्हापासून माझ्याबरोबर. पूजेची सगळी मांडामांड तोच करतो. मशीन धुऊन पुसून लख्ख, झेंडूच्या माळा, समोर पाट, पाटावर नट आवळायचे पाने, हातोडी, चाव्या. मोजायची साधनं मात्र मी पूजेत ठेवू देत नाही. ती आतल्या कपाटात, आपापल्या डब्यात. त्यातही मास्टर रिंग. ही रिंग म्हणजे आमच्या शेडमधलं खरं माप. ज्या डायलनं बुशचं भोक मोजतो, तो डायल रोज सकाळी आधी या रिंगमध्ये घालून शून्यावर लावायचा आणि मग दिवसभर त्याच्यावर विसंबायचं. रिंग बिघडली की सगळंच बिघडलं, आणि बिघडल्याचं कुणाला कळतही नाही.

साहेबांनी नारळ फोडला. फोटो झाला. मग त्यांना काय सुचलं कुणास ठाऊक, कपाट उघडंच होतं, त्यांनी हात घालून रिंगचा डबा बाहेर काढला. मी म्हटलं, "साहेब, ती राहू द्या. तिला हात लावत नाहीत."

"अहो मॅडम, क्वालिटीची पूजा नको करायला? असं कसं?" असं म्हणत त्यांनी ओल्या हळदीत अंगठा बुडवला आणि रिंगच्या बाहेर नाही, आत, बरोबर भोकात, गोल फिरवला. वर कुंकवाचं बोट. मग रिंग तोंडासमोर धरून, तिच्यातून एक डोळा दाखवत फोटो. माझ्या तोंडावर आलेलं सगळं मी गिळलं. मंजुरी हवी होती ना! संध्याकाळी तो फोटो त्यांच्या स्टेटसवर होता, मलाही वेगळा पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "क्वालिटी हाच आमचा देव." कप्पाळ त्यांचं.

आता इथं आमची माणसं कशी आहेत ते सांगायला हवं. पूजेचं हळदकुंकू कुणी पुसत नाही. मशीनवरचं, गाडीवरचं, दारावरचं, ते आपोआप जाईल तेव्हा जाईल. पुसणं म्हणजे अपशकुन. या पट्ट्यातल्या कुठल्याही शेडमध्ये जा, शिमग्यापर्यंत मशीनच्या हँडलवर कुंकू दिसेल. दसरा झाल्यावर ऑपरेटरनं काम सुरू केलं. रिंग फडक्यानं पुसली, पण बाहेरून, तीही कुंकू टाळून. वरचं कुंकू तसंच, आतली हळद तशीच. वाळल्यावर ती दिसतही नव्हती, गंज लागू नये म्हणून तेल लावतात तशी पिवळट झाक तेवढी. त्या हळदीवर टेकवून त्यानं डायल शून्यावर लावला आणि अख्खा लॉट जीव ओतून केला. शेवटी मीही काही नग हाती घेऊन तपासले, त्याच डायलनं. काटा जागचा हलेना. मी खूश होऊन त्याला म्हटलं, "भाऊ, आता आपलं नाव लागणार."

लॉट नापास झाला. सगळाच्या सगळा. भोकं बारीक पडली होती, पिन आत जाईना.

दोन रात्री मला झोप लागली नाही. मशीन तपासलं, घासायचा दगड तपासला, माल तपासला. शेवटी रिंग उजेडात तिरकी धरली, आतून बोट फिरवलं, आणि बोटाला खरखर लागली. नखानं खरवडलं तर पिवळी भुकटी. मग ऑपरेटरला हाक मारली.

"ही आत पुसली नाहीस?"

तो रिंगकडं बघतच राहिला. "ताई, पूजेचं हाय की. पुसावं कसं? अन् साहेबानं सोताच्या हातानं लावल्यालं." मग त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्यामुळं गेलं का वो सगळं?"

मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडू काय? त्यानं देव मानला. मानायचाच तर साहेबांचा अंगठा तेवढा देव मानायला नको होता, पण इथं आम्हाला सगळ्यांनाच तेच शिकवलंय.

साहेबांना मी फोनवर सगळं सांगितलं. पलीकडचा आवाज एकदम मधाळ झाला. "मॅडम, हे असं सांगू नका कुठं. साधं ठेवा. ऑपरेटरचा निष्काळजीपणा. माणूस काढून टाकला, नवीन ठेवला, असं मीटिंगमध्ये सांगा. आमच्याकडं असं चालतं. मी लगेच दुसरा लॉट घ्यायला लावतो, महिन्यात मंजुरी हातात."

म्हणजे अंगठा यांचा आणि मान त्याची. खरं सांगते, क्षणभर मोह झाला. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. पण बाहेर ऑपरेटर मशीन पुसत होता, आणि कधी नव्हे ते हँडलवरचं कुंकूही पुसत होता. घासून घासून. ते बघून मला साहेबांची अशी किळस आली की फोन मी तसाच ठेवून दिला.

चाकणला मीटिंग झाली. लांबलचक टेबल, बिस्किटं, भिंतीवर पडदा. साहेब आणि त्यांचे वरचे साहेब. वरच्यांनी विचारलं, "चूक का झाली?" मी म्हटलं, "मास्टर रिंगच्या आत हळद होती." "का होती?" "पूजेत लागली." "कुणी लावली?" मी मोबाइल काढला, तो फोटो उघडला आणि टेबलावर सरकवला. रिंगमधून एक डोळा वरच्या साहेबांकडं बघत होता.

वरचे साहेब जरा हसले. आमचे साहेब लाल झाले. मला वाटलं, झालं, सुटला माझा माणूस. सुटला खरा, पण पुढं काय झालं ते ऐका. वरच्या साहेबांनी चष्मा काढला आणि गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे मॅडम, तुमच्या शेडमध्ये कुणीही बाहेरचा माणूस मास्टरला हात लावू शकतो?"

आमच्या साहेबांनी सगळ्यात आधी मान डोलावली. "तेच तर म्हणतोय, सर. सिस्टिमच नाही यांच्याकडे."

अरे वा रे वा! चोरानं घरात शिरायचं आणि घरवाल्यालाच विचारायचं, कडी का लावली नव्हती? निकाल लागला: शेडमध्ये परक्या माणसाला अटकाव नाही, मंजुरी नाही. सुधारणा करा, पुढच्या दसऱ्यानंतर पुन्हा ऑडिट. आणि वर्षभर आमची खोकी पुन्हा त्या खरवडणाऱ्याच्या लेबलनं त्याच गेटातून आत जात राहिली. पिना बरोबर बसत होत्या.

सुधारणा मी केली. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या आणि ऑपरेटरच्या गळ्यात. दारापासून आत एक जाड पिवळा पट्टा आणि वर पाटी: परवानगीशिवाय कुणीही पट्टा ओलांडू नये. आली खंडेनवमी. साहेब कुर्त्यात हजर, हात नारळासाठी पुढं.

मी म्हटलं, "साहेब, पट्ट्याबाहेर थांबा."

"अहो, मी?"

"परवानगीची माणसं दोनच. एक हा आणि एक मी. तुम्हीच सांगितलंत ना, सिस्टिम नाही म्हणून? केली."

"मॅडम, पुढच्या महिन्यातलं ऑडिट माझ्याच हातात आहे," ते हसत म्हणाले. पण ते हसू काही बरं नव्हतं.

"ठाऊक आहे. ऑडिटला या, तेव्हा परवानगी देईन."

आरती आम्ही केली. ते बाहेर उभे होते. नारळ ऑपरेटरनं फोडला आणि प्रसाद पट्ट्यावरून हात लांब करून त्यांना दिला. नवरा त्या संध्याकाळी म्हणाला, "हातचं घालवलंस." मला भीती वाटत होती, नाही कशी वाटणार? पण त्या माणसाला पट्ट्याबाहेर घुटमळताना बघून जो आनंद झाला, तो मी कुणाला द्यायची नाही.

ऑडिटला साहेब वरच्या साहेबांना बरोबर घेऊनच आले. मला बुडवायचं तर साक्षीदारासमोर, असा बेत असावा. या वेळी डबे, तक्ते काही पाहिलं नाही. सरळ ऑपरेटरसमोर जाऊन उभे राहिले. माझ्याकडं बघायचं टाळून त्यांनी मुद्दाम त्याला विचारलं, अडखळेल म्हणून, "काय रे, बाहेरच्या माणसाला मास्टरपर्यंत येऊ देता का तुम्ही?"

ऑपरेटरनं गळ्यातली किल्ली मुठीत धरली. "न्हाई साहेब," तो साळसूदपणे म्हणाला. "परवा पूजेला तुमालाबी कुठं येऊ दिलं ताईनं?"

वरचे साहेब आधी त्याच्याकडं, मग पाटीकडं, मग आमच्या साहेबांकडं बघत राहिले आणि मोठ्यानं हसले. "मग हा मुद्दा पास करायला हवा," ते म्हणाले. आमच्या साहेबांना तो पास करावा लागला. त्यांच्याच हातानं.

त्यानंतर दिलेला लॉट पास झाला, मंजुरी आली. पहिलं खोकं भरून झालं तेव्हा लेबल ऑपरेटरनं चिकटवलं आणि त्याला हळदकुंकू लावलं. मी लावू दिलं. खोक्याला चालतं.