बिनवाजंत्रीची वरात

माझ्या सासऱ्यांइतका पाहुण्यांना छळणारा आणि पाहुण्यांसाठी जीव टाकणारा माणूस ऐंशीच्या दशकातल्या अख्ख्या कांजूरमार्गात दुसरा नसेल. छळ ते बिनपंखी पाहुण्यांचा करत आणि जीव पंखवाल्यांसाठी टाकत. त्यांच्या वसाहतीमागे, मिठागरांना लागून एक उथळ तळं होतं. मरोळच्या कारखान्यात लेथ चालवणारा हा गृहस्थ दिवाळी सरली की त्या तळ्याचा यजमान होऊन जाई, कारण तेव्हा दूर उत्तरेकडून थापट्या नावाची बदकं तिथे मुक्कामाला येत.

मी घाटकोपरहून मुलगी पाहायला गेलो तो नेमका थंडीतला रविवार होता. सासऱ्यांनी माझ्या पांढऱ्याशुभ्र शर्टाकडे दुःखाने पाहिलं आणि आपला एक मातकट शर्ट मला घालायला लावला. कांदेपोहे राहिले बाजूला, आम्हा सगळ्यांना त्यांनी तळ्याकाठी उकिडवं बसवलं. बोलायचं नाही, हात हलवायचे नाहीत. संपात गिरणी सुटलेले माझे काका माझ्या कानाशी कुजबुजले, "आमी चेडू बघूक इलंव, की चिखल?" पलीकडे बसलेली मुलगी हे ऐकून तोंडाला पदर लावून हसली, आणि मी लग्नाला होकार दिला.

दर रविवारी ते वसाहतीतल्या कुणाला ना कुणाला असंच पकडून नेत. ट्रान्झिस्टर घरी ठेवायला लावत. कुणी चिवडा काढलाच तर पुडी जप्त होई, कारण तो चावताना आवाज होतो. त्याऐवजी स्वतःच्या पिशवीतली केळी देत आणि सालंही मोजून परत घेत. बदकं उडवून दाखवायला एकाने खडा उचलला, तर त्याच्याशी ते होळीपर्यंत बोलले नाहीत. लोक कुरकुरत, तरी पुढच्या रविवारी बायकामुलांना घेऊन येत.

आमचं लग्न ठरलं माघात, मांडव तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. काकांनी हौसेने लालबागचा बँड सांगितला होता. सासऱ्यांना हे कळलं ते लग्नाच्या सकाळी. ते स्टेशनवर आले आणि बँड परत पाठवा म्हणाले. काका भडकले. वाजंत्रीशिवाय वरात हलणार नाही, हवं तर आत्ता माघारी जातो, इथपर्यंत गोष्ट आली. सासऱ्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी काकांपुढे हात जोडले.

"मुलगी मी तुमच्या हवाली करतोय," ते म्हणाले, "पण ती पाखरं माझ्या हवाली आहेत."

 काकांनी बँडवाल्यांना एवढंच सांगितलं, की वाजवू नका, जेवून जा. आमची वरात अशी मुकाट निघाली, की वाटेत एका म्हाताऱ्याने टोपी काढून नमस्कार केला आणि कोण गेलं म्हणून हळूच विचारलं.

दोन-तीन वर्षांनी एका बिल्डरचे ट्रक तळ्यात डेब्रिस, म्हणजे पाडकामाचा राडारोडा, ओतू लागले. सासरे ट्रकपुढे उभे राहिले, आणि त्यांनी आजवर छळलेली सगळी वसाहत त्यांच्या मागे येऊन बसली. पंधरवडाभर कुणी जागचं हललं नाही. ट्रक थांबले, पण तोवर निम्मं तळं बुजलं होतं.

त्या हिवाळ्यात मी त्यांच्यासोबत गेलो. थवा आला तो नेहमीच्या जागी उतरायला म्हणून भरावावर घिरट्या घालू लागला. एक फेरी, दुसरी, तिसरी.  शेवटी थवा वळला आणि उरलेल्या पाण्यात दाटीवाटीने उतरला.

"भागवतील," ते म्हणाले. "आम्ही नाही भागवलं, दहा बाय दहात आठ जणांनी?"

बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. निघताना भरावावरून सरळ रस्ता होता. त्यांनी पाण्याच्या कडेचा लांबचा धरला, आणि मीही त्यांच्या मागून चाललो.