तांदळाच्या डब्यातले पॉपॉ

लंडनजवळ पिनरच्या आमच्या घरात त्या आठवड्यात तांदळाचा डबा किती वेळा उघडला गेला, देव जाणे. आमचे हे झाकण काढायचे, कोपरापर्यंत हात आत घालून चाचपायचे, झाकण लावायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, "अहो, सारखं दाबलंत तर पिकायच्या आधी सडतील ना!" आणि हे पाठमोरे झाले की मीच हात घालायचे.

आत होते पॉपॉ. अमेरिकेतल्या रानातलं फळ. पपई नव्हे हं, हे सीताफळाच्या भाऊबंदांतलं. हिरवट, कैरीएवढं, आणि आत म्हणे पिवळाधमक गर, चमच्यानं खायचा. "म्हणे" अशासाठी की मी ते कधी खाल्लं नव्हतं. ह्यांनी अमेरिकेत भावाकडे एकदाच खाल्लं आणि तेवढ्यावर हॉस्पिटलातून रिटायर झाल्या झाल्या अलॉटमेंटवर, म्हणजे कौन्सिलकडून बागकामाला भाड्यानं मिळालेल्या तुकड्यावर, दोन झाडं लावली. थंडी सोसतं, इथं कुणी पिकवत नाही, दुकानात मिळत नाही. आपण लावू, आपण विकू, असा बेत. मे महिन्यात हे स्टुलावर चढून लहानशा ब्रशनं ह्या झाडाचे पराग त्या झाडाच्या फुलांना लावायचे, कारण इथल्या मधमाश्या त्या फुलांकडे ढुंकूनही बघत नाहीत. शेजारच्या प्लॉटवाले हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू?

पण हसणं वेगळं. मागच्या अंगणात ह्यांनी बियांपासून वाढवलेली रोपं उंच कुंड्यांत उभी होती. ह्या झाडाचं मूळ सरळ खाली जातं, आणि कुंड्यांत आता त्याला जागाच उरली नव्हती. येत्या हिवाळ्यात जमिनीत गेली नाहीत तर गेलीच म्हणायची. अलॉटमेंटवर आणखी झाडांना परवानगी नव्हती. स्लाऊच्या पलीकडे एका वयस्कर बाईंचं रिकामं कुरण होतं, ते मिळण्यासारखं होतं. त्यांची अट एकच: "जे फळ मी खाल्लं नाही, त्याच्यासाठी मी माझी जमीन खणू देणार नाही." रविवारी त्या आमच्याकडे चहाला येणार होत्या.

आणि त्याच आठवड्यात वादळाचा फोरकास्ट! खारी तर आधीपासूनच टपून बसलेल्या. ह्यांनी धास्तीनं दिसतील तेवढी सगळी फळं उतरवून आणली. कडक, नुसते गोटे. म्हणाले, "सीताफळं नाही का आपण अशीच उतरवून तांदळात घालायचो? मस्त पिकायची." मलाही पटलं. सीताफळ खाऊन वाढलेल्या कुणाला नाही पटणार?

शनिवारी मुलगी हॅरोहून आली. तिचा जन्म इथलाच. तिनं डब्यात हात घातला. "आई, हा फळ अजून दगड आहे." मग फोनवर काहीतरी वाचायला लागली, आणि वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. पॉपॉला झाडावरच थोडं मऊ व्हावं लागतं. त्याआधी काढलं तर ते काळं पडतं, पण पिकत नाही. कधीच नाही.

हे खुर्चीत बसले. मला असा संताप आला! "जगभरचं वाचत असता, एवढं नाही वाचता आलं आधी?" बोलून गेले खरी. हे खिडकीतून कुंड्यांकडे बघत राहिले. आयुष्यभर ऑपरेशनआधी पेशंटला धीर दिलेला माणूस, आणि मी त्याच्यापुढे नुसता चहाचा कप ठेवला.

रविवारी सकाळी हे अलॉटमेंटवर जाऊन आले. टोपीत एक फळ होतं. मोठ्या पानांच्या आड राहून गेलेलं, वादळानं खाली पाडलेलं. एका बाजूनं गोगलगायींनी खाल्लं होतं, बाकीचं मऊ होतं. पहिलं फळ एरवी मी देवापुढे ठेवलं असतं, पण हे उष्टं. नुसतेच हात जोडले आणि मनात म्हटलं, एवढं निभावून ने बाबा.

बाई आल्या. ह्यांनी खराब भाग कापून टाकला, मोठाल्या बिया काढल्या आणि बशी पुढे ठेवली. त्या सावकाश खात राहिल्या. चेहऱ्यावर काही दिसेल तर शपथ! मग चमचा खाली ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"तुमच्या नवऱ्याला विचारण्यात अर्थ नाही, तो ह्या फळाच्या प्रेमात आहे. तुम्ही सांगा. तुम्हाला आवडतं?"

"मी कधी खाल्लंच नाही," मी म्हणाले. पटकन खरंच निघालं तोंडातून.

"मग खा." आणि त्यांनी बशी माझ्यापुढे सरकवली. बशीत एक घास उरला होता.

हे माझ्याकडे बघत होते. लग्नात अंतरपाट बाजूला झाला तेव्हाही इतकं टक लावून बघितलं नव्हतं. मी घास तोंडात घातला. माझं सगळं लक्ष ह्यांच्या डोळ्यांकडे. काहीतरी मऊ लागलं आणि ते मी गिळलं.

"फार छान आहे," मी म्हणाले.

बाई माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिल्या. "बरं," त्या म्हणाल्या. "नोव्हेंबरात खणायला या."

त्या गेल्यावर ह्यांनी रिकामी बशी उचलली. स्वतःसाठी एक कणसुद्धा ठेवला नव्हता. मला हळूच विचारलं, "कसं लागलं गं? गोड होतं ना?"

मी आठवायला गेले, पण जिभेला काहीच आठवेना.

"अहो, पुढच्या वर्षी दोघं मिळून खाऊ," मी म्हटलं. "मग सांगते."

हे थबकले. माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना कळलं ते मला दिसलं. मग बशी सिंकमध्ये ठेवून ते शेडमध्ये फावडं शोधायला गेले.